स्वप्नातले अण्णा

वडील गेल्यावर ते माझ्या स्वप्नात येऊ लागले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सकाळी डोळे चोळतच मी उशाशी ठेवलेल्या वहीत स्वप्न लिहून काढायची. अक्षर गिचमिड, पण बोली घरची. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहून अर्धी कन्नड झालेली आमची मराठी. ‘स्वल्प सरक की गं’ असलं काही अण्णा म्हणाले, की तेच शब्द वहीत उतरायचे.

मग पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. मी टायपिंग शिकले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. स्वप्नंसुद्धा टाइप करायची ठरवलं. त्या कॉम्प्युटरवर फक्त इंग्रजी होतं. त्यानं काय बिघडतंय, असं मला वाटलं. जेवणाच्या सुट्टीत बसून मी सगळी वही इंग्रजीत उतरवली, छापून घेतली आणि वही रद्दीत घातली. आई हळहळली, तर ‘हा गबाळेपणा हवाय कुणाला?’ म्हणून वर तिलाच सुनावलं.

परवा ते कागद काढून वाचले. कप्पाळ माझं! एक चूक नाही, एक खाडाखोड नाही. पानोपानी अण्णा येतात आणि इंग्रजीत म्हणतात, ‘प्लीज सिट डाउन.’ खरं काय म्हणाले होते, ते कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. एवढं नक्की, की अण्णांनी उभ्या जन्मात मला प्लीज म्हटलं नव्हतं.