लाल दोऱ्याची बाटली

मामांचा डावा हात कधी रिकामा बसत नसे. पंगतीत वाढप यायला उशीर झाला की तो मांडीवर पहिला गेअर टाकी. गप्पांना रंग चढला की दुसरा, मग तिसरा. आणि कोणी उगीच स्वतःचा मोठेपणा सांगू लागला की तोच हात अलगद मागे ओढला जाई. हा रिव्हर्स आहे हे मोताळा गावात सगळ्यांना कळे, फक्त सांगणाऱ्याला कळत नसे. मला कळायला दोन महिने लागले, कारण तोवर सांगणारा बहुतेक वेळा मीच असे.

गेअरमामा हे नाव त्यावरूनच पडलेलं. माझ्या नात्यातले ते नव्हेत, अख्ख्या गल्लीचे मामा. उमेदीची वर्षं एका कापूस व्यापाऱ्याची ॲम्बॅसेडर चालवण्यात गेली. पुढे स्वतःची वांगी-टोमॅटोची शेती सांभाळून त्यांनी एक जुनी पांढरी मारुती आठशे घेतली. मी शाळामास्तर, बदली होऊन त्यांच्या समोरच्या खोलीत राहायला आलो. मला गाड्यांचं वेड होतं, म्हणजे गाड्यांवर बोलण्याचं. पहिल्या आठवड्यात मामा मला ‘अहो मास्तर’ म्हणत. दुसऱ्या आठवड्यात ‘तू’ आलं. चढावर मी त्यांच्या गाडीचा क्लच जाळला त्या दिवशी आम्ही ‘काऊन बे’वर पोचलो आणि तिथेच राहिलो.

नवी गाडी आली म्हणून लोक मामांना बघायला बोलावत. मामा गाडीकडे बघतच नसत. ती जिथे उभी राहते ती जमीन बघत. “गाडी धुऊन पुसून कोणी बी दाखवते,” ते म्हणत. “जागा खोटं नाई बोलत.” मुलीसाठी, सुनीतासाठी, बुलढाण्याचं स्थळ बघायला गेले तेव्हाही पोहे निवत ठेवून आधी अंगणात गेले. मुलाची गाडी जिथे उभी राही तिथल्या फरशीवर तेलाचा एक थेंब नव्हता. आत येऊन म्हणाले, पोरगं सांभाळणारं आहे, होऊ द्या.

त्यांच्या पडवीत एका फळीवर तेलांच्या बाटल्या असत. सगळ्या सारख्या, दारूच्या दुकानामागे सापडतात तशा, आणि ओळखीसाठी गळ्यात लाल किंवा काळे दोरे. दोरे मळून चिकट झालेले. ते माझ्या मास्तरी नजरेला सहन होईनात. एका गुरुवारी मामा शेतात असताना मी ते सगळे कापून टाकले, बाटल्या पुसल्या आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली. कोणता दोरा कशाचा हे विचारणं सोपं होतं. पण विचारलं तर मला माहीत नाही हे उघड झालं असतं. म्हणून मी बुद्धी चालवली. इंजिन म्हणजे गाडीचं काळीज, काळीज लाल, तेव्हा लाल दोरा इंजिनाचा. उरला काळा, तो ब्रेकचा.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण रविवारी बुलढाण्याचा घाट चढायचा आहे, ब्रेकचं तेल पाहून ठेव, असं मामा सकाळीच सांगून गेले होते. ब्रेकच्या डबीतलं तेल खुणेच्या खाली होतं. मी माझ्याच चिठ्ठीवर भरवसा ठेवून ते खुणेपर्यंत भरलं. तेल जरा घट्ट वाटलं. भारी प्रतीचं असेल, असं वाटून बरंही वाटलं. संध्याकाळी मामांनी फळी पाहिली, अक्षर झकास आहे म्हणाले. त्यांचा डावा हात त्या वेळी मागे ओढला गेला होता. मी तो पाहिला आणि सोडून दिला.

रविवारी मामा आणि मी बुलढाण्याला गेलो. सुनीताला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण, तिला माहेरी आणायचं होतं. चढताना काही झालं नाही. चढावर ब्रेक लागतो कुणाला? तिच्या सासरी चहा घेताना जावईबापू हसत म्हणाले, मामंजी, चष्मा न लावता तुम्हाला बाटल्या कशा ओळखू येतात? मामा म्हणाले, “सोपं आहे. इंजिनाचं तेल आखरीले काळंच होते, म्हणून काळा दोरा. लाल म्हंजे थांबा. ब्रेक.”

मी चहाची बशी खाली ठेवली. मामांनीच मला एकदा शिकवलं होतं की ब्रेकच्या तेलात दुसरं तेल गेलं तर आतलं रबर फुगतं, मग ब्रेक आधी धरून बसतो आणि पुढे ऐन वेळी सोडून देतो. रबराला फुगायला तीन दिवस मिळाले होते.

तिथेच सांगायचं. पण समोर जावई, विहीणबाई, आणि मी मामांचा गाड्यांतला जाणकार मास्तर म्हणून ओळख करून दिलेला. गाडीत बसल्यावर सांगू, असं ठरवलं. गाडीत बसलो तर मागे सुनीता, कमरेला उशी, मांडीवर लाडवांचा डबा. तिच्यासमोर कसं सांगायचं? चौक गेल्यावर सांगू. चौक गेला. पेट्रोल पंपापाशी सांगू. पंप गेला. दोन चमचे तेलाने काय होतं, असंही मनाला सांगून पाहिलं. वस्ती संपली. सुनीता बाळाच्या नावांबद्दल काही बोलत होती आणि मी प्रत्येक नावाला छान छान म्हणत होतो.

घाटाच्या तोंडाशी मामांचा एक नेम होता. पहिल्या वळणाआधी गाडी डावीकडे घ्यायची, ब्रेक तीनदा दाबून पाहायचा, मगच दुसरा गेअर टाकून उतरायला लागायचं. त्या दिवशीही त्यांनी गाडी बाजूला घेतली. एकदा दाबला. दुसऱ्यांदा दाबला.

“पेडल कडक लागून राह्यलं बे,” ते म्हणाले. तिसऱ्यांदा दाबला, जरा थांबले. “उन्हानं असंन.” आणि हात गेअरवर गेला.

“मामा, थांबा,” मी त्यांच्या कानाशी झुकून हळूच म्हणालो. “लाल दोऱ्याच्या बाटलीवर मी इंजिन लिहिलंय. डबीत काळ्या दोऱ्याचं तेल गेलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग हात मांडीवर ठेवला आणि तो तिथे निश्चल राहिला. तो हात असा मी कधी पाहिला नव्हता. खाली उतरून त्यांनी पुढच्या चाकाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. चाकांपुढे दोन दगड लावले. मग खिडकीशी येऊन लेकीला म्हणाले, “बाई, गाडीले ताप आला. तू आटोनं माघारी जाय. उद्या दुसरी गाडी करून नेतो तुले.”

“वाटेतून माघारी जाऊ, बाबा? सासूबाई काय म्हणतील?”

“त्याइले मी सांगतो. तू जाय.”

ऑटो वळून दिसेनासा झाला. आता माझी पाळी, म्हणून मी मान खाली घालून कठड्यावर बसलो. मामा शेजारी बसले. खालून एक भरलेला ट्रक कण्हत वर आला, आमच्या समोरून गेला. मग मामा बोलले. “मास्तर, घाटाच्या वर सांगितली म्हणून ही चूक आहे. खाली गेल्यावर सांगितली असती, तं तिचं नाव दुसरं असतं.”

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ब्रेक उघडले. आतलं रबर भिजलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं. मामांनी ते माझ्या हातावर ठेवलं. घरी आल्यावर मला फळीसमोर बसवून सगळ्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने काढायला लावल्या आणि नवे दोरे माझ्याच हातांनी बांधून घेतले. सुनीताला मुलगी झाली. घाटावर खरं काय घडलं हे मामांनी घरात कुणाला सांगितलं नाही, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीवर मी पुढची सात-आठ वर्षं त्या घरात ताठ मानेने चहा प्यायलो.

पुढे काचबिंदूने मामांची नजर गेली. एका सकाळी त्यांनी आठशेची चावी माझ्या हातात दिली, हसत बोलत दिली, रडले वगैरे नाहीत. त्यानंतर ते माझ्या डावीकडे बसत. त्यांचा हात मांडीवर गेअर टाकायचा, मी चुकीचा टाकला की जोरात टाकायचा. घाटाच्या तोंडाशी मी ब्रेक तीनदा दाबला की ते विचारत, “तेल कोणी टाकलं?” मी म्हणायचो, मी. मग उतार संपेपर्यंत त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबलेला असे. तिथे ब्रेक नाही, मामा, असं मी एकदा म्हणालो. म्हणाले, “मालूम आहे. म्हणून तं एवढा दाबाव लागते.”

मागच्या थंडीत मामा गेले. तेराव्यानंतर सुनीताला मी त्याच गाडीतून बुलढाण्याला सोडलं. चार दिवसांनी राहिलेल्या कामांसाठी परत आणायलाही गेलो. येताना ती पुढे बसली, वडिलांच्या जागेवर. पायपुसण्याला तिथे टाचेएवढं भोक पडलंय. ते मी बदललेलं नाही.

घाटाच्या तोंडाशी मी गाडी डावीकडे घेतली. ब्रेक तीनदा दाबला. दुसरा गेअर टाकणार, तेवढ्यात समोर बघतच ती म्हणाली, “भाऊ, तेल कोणी टाकलं?”

माझा हात गेअरवरच राहिला. तिचा उजवा पाय बरोबर त्या भोकावर होता.

“मीच,” मी म्हणालो. “लाल दोऱ्याचं.”

“मग चला,” ती म्हणाली, पण पाय काही तिने काढला नाही.