मंगळवारचं जेवण

हर्णैच्या पुळणीवरून होडी सुटली तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, "परक्याच्या घरी वाढतील ते खावं, दुसऱ्यांदा मागू नये!" बोट लांब उभी होती आणि वारा असा की तिचं बाकीचं बोलणं समुद्रातच पडलं. हे एवढं मात्र ऐकू आलं. गावातल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखेच बोटीत बसून इकडे आलात त्यांनीही ऐका. माझं जे वाटोळं झालं ते आईचं हे वाक्य पाळल्यामुळे. आज एकदाचं सांगूनच टाकतो.

ठाण्याला नौपाड्यात एका गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळाली आणि जेवणासाठी मी वार लावले. हल्लीच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. शिकणाऱ्या गरीब मुलाला एकेका घराने आठवड्यातला एकेक दिवस जेवू घालायचं, म्हणजे वार. सोमवारी आमटीत डाळ शोधावी लागे. गुरुवारच्या आजी पूर्ण स्तोत्र म्हणून घेतल्याशिवाय पानावर बसू देत नसत. आणि मंगळवारच्या काकूंना शालू नावाची मुलगी होती, ती नेमकी माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात!

कॉलेजातली तऱ्हा काय विचारता! मुली लेडीज रूममध्ये बसून राहायच्या. प्रोफेसर आले की त्यांच्या मागोमाग रांगेने वर्गात यायच्या आणि तास संपला की त्यांच्याच मागोमाग जायच्या, बदकाची पिल्लं जातात तशा. आम्ही मागच्या बाकांवरून बूट आपटायचे, एवढाच काय तो आमचा प्रेमव्यवहार. तिथे शालूने मला कधी ओळखसुद्धा दाखवली नाही. मंगळवारी आमटी वाढताना मात्र हळूच विचारायची, "आज बूट कोण आपटत होतं रे?" आता मला बूट होते कुठे? मी चपला आपटायचो.

पुढे संध्याकाळी तलावपाळीवर भेटी होऊ लागल्या. भेटी म्हणजे ती पुढे, मी चार हात मागे, आणि जे बोलायचं ते तळ्याकडे तोंड करून. कोणी ओळखीचं दिसलं की दोघेही मासे बघायला लागायचो. मी पार कामातून गेलेलो. डिग्री, मग नोकरी, मग काकूंकडे रीतसर मागणी, असा सगळा बेत डोक्यात तयार होता.

त्या दिवाळीत परीक्षेच्या अभ्यासामुळे मी गावी गेलो नाही. काकू म्हणाल्या, "परवा ये जेवायला." परवा मंगळवार नव्हता! वार नसताना बोलावणं आलं म्हणजे काय ते मी ओळखलं. तांब्यात निखारे घालून सदरा इस्त्री केला. खिशात अबोलीचा गजरा लपवून घेतला. मी एकुलता एक, बहीण नाही, आमच्याकडे भाऊबीज असायची ती कॅलेंडरात. त्या दिवशी काय आहे हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही हो!

पाट मांडलेला, भोवती रांगोळी. मी ऐटीत बसलो. शालू तबक घेऊन आली, मला कुंकू लावलं आणि ओवाळायला लागली. हसली नाही की बावरली नाही. काकू म्हणाल्या, "आमच्या शालूला भाऊ नव्हता, देवाने घरबसल्या दिला!" आईचं वाक्य आठवलं, परक्याच्या घरी वाढतील ते खावं! तबकात घालायला दुसरं काही नव्हतं म्हणून गजरा घातला. काकू म्हणतात, "बघा, किती समजूतदार!" अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

कॉलेजात बातमी पसरली. शालूवर डोळा असलेला प्रत्येक टगा मला "मेव्हणे, मेव्हणे" करत चहा पाजू लागला. हा मानलेल्या भावाचा प्रकार ज्याने काढला तो एकदा भेटायला हवा. तिच्या लग्नात कानपिळीला भाऊ म्हणून मलाच उभा केला. मी नवऱ्या मुलाचा कान असा पिळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे हसले. मी थट्टा करत नव्हतो.

ती कल्याणला नांदायला गेली. मी ठाण्यातच नोकरीला लागलो, माझंही लग्न झालं. काका-काकू गेले, त्यांचं बिऱ्हाड मोडलं आणि शालूला माहेर उरलं नाही. तेव्हापासून ती दिवाळीला माझ्याकडे येते. आमची ही तिला वन्सं म्हणते. माझ्याच घरात बसून शालू माझ्याच चकल्यांना नावं ठेवते. घर कुठलं विचारलं की मी अजून हर्णै सांगतो. पण कुणाचं तरी माहेर झालेल्या घराला आता बिऱ्हाड तरी कसं म्हणू?

गेल्या भाऊबीजेला जेवताना ही शेजारी गेली होती. शालू म्हणाली, "तुला एक सांगू? ती भाऊबीज आईने नव्हती ठरवली. मी ठरवली."

मग तिने सगळं सांगितलं. कोणीतरी आम्हाला तलावपाळीवर पाहून काकूंचे कान भरले होते. काकू माझा मंगळवार बंद करणार होत्या. एका घराने बंद केला की बाकीच्यांनी कारण विचारलं असतं आणि सगळेच वार गेले असते. मग कसलं कॉलेज, बोटीने परत हर्णै.

"म्हणून मीच आईला म्हटलं, त्याला मी ओवाळते."

"अगं, मला विचारायचंस तरी!" मी ओरडलो. "उपाशी राहिलो असतो मी!"

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर नाही विचारलं."

आणि मी न मागता तिने माझ्या ताटात पुन्हा भात वाढला.