भिंतीला टेकून

आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याला सगळे टचिंगदादा म्हणतात. बारीक कुंचल्याने त्याने किती जणांचे व्रण आणि सुरकुत्या पुसल्या असतील, देव जाणे. माझाच फोटो घ्या. तो पाहून माझ्या सासूने विचारलं होतं, "ही कोण बाई?" त्याच्या शेजारीच माझं शिवणाचं दुकान, त्यामुळे त्याचं सगळं मला दिसतं, आणि दिसल्यावर गप्प बसणं मला जमत नाही.

एकाच ठिकाणी तो कुंचला लावायचा नाही. कोपऱ्यावरच्या जुन्या प्रसूतिगृहाला. निम्मी गल्ली तिथे जन्मली, त्याची एकुलती एक लेकही. दर वाढदिवसाला तो तिला तिथल्या भिंतीला टेकून उभी करायचा. तेच अंतर, तोच उजेड, कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायांच्या खुणासुद्धा त्याच. फ्रॉकातली पोर लग्न होऊन गेली, तरी नेम चुकला नाही.

प्रसूतिगृह बंद पडलं, पाडायची भाषा सुरू झाली, आणि टचिंगदादा पेटून उठला. घरोघर फिरून त्याने जुने फोटो गोळा केले. म्हाताऱ्या सुईणीला बसवून आठवणी सांगायला लावल्या. इमारत वाचली पाहिजे, बस्स. जावई ठेकेदार. तो म्हणाला, "बाबा, पालिकेच्या सुनावणीला सगळे फोटो मोठे करून मीच आणतो. तुम्ही निर्धास्त राहा."

ह्याला आभाळ ठेंगणं झालं. "जावई नाही हो, मुलगाच मिळाला," मला सांगत सुटला. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी काही बोलले नाही.

सुनावणीला आम्ही अर्धी गल्ली गेलो. जावयाने फलक उघडले. सुईणीच्या आठवणी कुठेच नव्हत्या, घरोघरचे फोटोही नव्हते. नुसते लेकीचे वाढदिवस, ओळीने लावलेले. पहिल्या फोटोत तिच्या डोक्यावर भिंतीला केसाएवढी भेग. पोर वाढत गेली तशी भेगही वाढली. शेवटच्या फोटोत भेगेत हात गेला असता. इतकी वर्षं ते फोटो आम्ही पाहिले, पण आमचं लक्ष पोरीकडे.

"एकाच जागेवरून काढलेत," जावई म्हणाला. "इमारत धोकादायक आहे, ह्याला आणखी पुरावा कशाला हवा?"

घरच्यानेच केसाने गळा कापला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

साहेबांनी टचिंगदादाला विचारलं, "ह्यात टचिंग केलंय का?"

हो म्हण रे बाबा, मी मनात म्हणत होते. जन्मभर तेच तर केलंस! त्याने लेकीकडे पाहिलं.

"अल्बम कुणी दिला?"

"मी दिला, बाबा." तिची मान खाली. "नव्या इमारतीत आम्हाला घर मिळणार आहे. आणि भिंत कधीतरी पडलीच असती ना?"

तो साहेबांकडे वळला. म्हणाला, "पोरीच्या चेहऱ्याला केलंय. भिंतीला नाही."

इमारत पाडली. सुईणीने त्या रस्त्याने जाणं सोडलं.

यंदाच्या वाढदिवसाला लेक आली, नवी साडी नेसून. हिला निर्लज्ज म्हणावं की भाबडी, मला अजून कळत नाही. मला वाटलं, तो दार लावून घेईल. पण त्याने कॅमेरा काढला, जुन्या खुणांवर तिपाई रोवली. समोर मोकळी जागा, मातीचे ढीग.

"कुठे उभी राहू, बाबा?"

त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. डोळा काढलाच नाही.

"कुठेही राहा," तो म्हणाला. "टेकायला आता काही नाही."