कोणी न लावलेली नागफणी

आमच्या गणिताच्या बाईंना 'आज सोमवार आहे' असं सांगितलं तरी त्या म्हणायच्या, "सिद्ध कर." निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. दूधवाल्यानं एकदा दुधात पाणी नाही असं म्हटलं, तर तो बिचारा अर्धा तास दारात सिद्ध करत उभा होता.

इंदूरच्या तुकोगंजातल्या त्यांच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या होत्या, सगळ्या काटेरी निवडुंगांच्या. तरी बाईंचं समाधान नव्हतं. "कुंडीतली झाडं म्हणजे ट्यूशनची मुलं," त्या म्हणायच्या. "कोणीही न लावता उगवलेली एक तरी नागफणी मला बघायचीये." घाई होती, कारण महिन्याभरात मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. जन्म इंदूरचा, नोकरी इंदूरची, आणि म्हातारपणी पुण्यातला सातवा मजला. "मला उचलून दुसऱ्या कुंडीत लावताहेत," एवढंच त्या एकदा बोलल्या आणि माझ्या पोह्यांवर मूठभर शेव घालून मोकळ्या झाल्या.

जुनी विद्यार्थिनी आणि गाडीची मालकीण म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं. चार रविवार आम्ही शहराबाहेर, सांवेरच्या बाजूला हिंडलो. नागफण्या दिसायच्या, पण प्रत्येकीला मालक निघायचा. कोणी शेताला कुंपण म्हणून लावलेली, कोणाच्या आजीनं म्हशी आत येऊ नयेत म्हणून. एकदा सोयाबीनच्या कडेला एक एकटी सापडली. तिथला शेतकरी ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, "ये तो अपने आप उगी है, बाईजी."

"आपकी उम्र?"

"पैंतालीस."

"और इसकी?"

"दादाजी के टाइम की है."

"मतलब जब ये उगी, तब आप थे ही नहीं. गवाही खारिज!" बाईंनी वहीत फुली मारली. तो भला माणूस आपण तेव्हा नव्हतो याबद्दल माफी मागून निघून गेला.

नागफणी मुळात सातासमुद्रापलीकडची, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "मग आपले पूर्वज काय इथले होते?" बाई कडाडल्या. "आली असेल बाहेरून. इथे आपल्या मर्जीनं राहिली का, ते बघायचंय मला."

पाचवा रविवार शेवटचा होता. मला बाईंची फार दया आली, आणि दयेपोटी माणूस हमखास गाढवपणा करतो. आदल्या दिवशी एकटीच जाऊन मी एका उजाड टेकडीवर नर्सरीतली नागफणी लावून आले. रविवारी नेमकी तिथेच गाडी थांबवली. बाई उकिडव्या बसल्या, बुंध्याशी बोट खुपसलं. बोटाला नारळाचा भुसा लागला.

"काय गं, या टेकडीवर नारळ कधीपासून व्हायला लागले?"

धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. पण बाईंनी फुली मारली नाही. बाटलीतलं उरलेलं पाणी नागफणीला घातलं, वहीचं पान कोरं ठेवलं आणि गाडीत जाऊन बसल्या. गुरुवारी त्या पुण्याला गेल्या.

दोन वर्षांनी त्या रस्त्यानं जाताना मी टेकडी चढले. माझी नागफणी चांगलीच माजली होती. तिचे गळलेले फडे उतारावरून घरंगळत गेले होते आणि खाली खडकाच्या फटीत तीन नव्या नागफण्या उभ्या होत्या. मी तिथूनच बाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"ही मोठी कोणी लावली?"

"मी, बाई."

"आणि खालच्या तीन?"

"कोणीच नाही. आपणहून पडल्या, आपणहून रुजल्या."

आता 'सिद्ध कर' येणार म्हणून मी तयारीत उभी राहिले. बाई पुढे वाकून बघत होत्या. त्यांच्या मागे सातव्या मजल्याची खिडकी होती, तिला जाळी. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मान्य," त्या म्हणाल्या. "फक्त आता त्यांना उचलून कोणी पुण्याला आणू नका."