उलटी मखमल

रविवारी सकाळी अकराला शाळेच्या नव्या रंगमंचावर पडदा टांगला आणि आठ पट्ट्यांपैकी तीन भलतेच काळपट दिसले. कापड एकच, रंग एकच. ते तीन मी उलटे जोडले होते. मखमलीला मांजरासारखी लव असते. उलटी टांगली की रंग गडद दिसतो. पडदे शिवायच्या दुकानात तीन वर्षं काढलेल्या माणसानं ही चूक करणं म्हणजे पोहणाऱ्यानं बादलीत बुडणं.

पाच वाजता उद्घाटन. हा पडदा नीट उतरला तर कापायची कात्री कायमची माझ्याकडे, असं मालकांनी सांगितलं होतं. नाही उतरला तर काय, ते सांगितलं नव्हतं, पण मला ऐकू आलं होतं.

मी खिंडारला फोन केला. शाळेत असताना यानं गोलात उभं राहून एका सामन्यात अकरा गोल खाल्ले, तेव्हाचं हे नाव. आता तो गणवेश शिवतो आणि गोल भलताच चांगला राखतो, पण नाव काही सुटलं नाही. गेले तीन महिने त्याचा प्रत्येक फोन मी "कामात आहे, नंतर करतो" म्हणून कापला होता. ते 'नंतर' आज उगवलं, तेही माझ्या गरजेला.

त्यानं एकच विचारलं, "पट्टे किती?" तीन म्हटल्यावर म्हणाला, "उसवायला घे. आलोच."

वीस मिनिटांत तो आला. स्कूटरच्या मागे हातमशीन बांधलेली आणि गळ्यात फुटबॉलचे बूट. तेव्हा मला आठवलं, आज तीनला त्याची फायनल. चार दिवसांपूर्वी त्यानं निरोप पाठवला होता, मी त्याला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. मी चाचरत विचारलं, तर म्हणाला, पहिला अर्धा वेळ किराणावाला उभा राहील गोलात, पोट बघता अर्धा गोल आपोआप झाकला जातो.

मग आम्ही भिडलो. मी उसवायचं, फिरवायचं, टाचायचं, त्यानं शिवायचं. तोंडात टाचण्या धरून माणसाला नावं ठेवायची कला त्याच्याकडे आहे. माझ्या डोळ्यांपासून सुरुवात करून तो माझ्या एकंदर अकलेपर्यंत पोचला, पण हात थांबला नाही. प्रत्येक पट्ट्यावर आधी वरून खाली तळवा फिरवायचा, मऊ लागला तरच पुढे. सव्वातीनला शेवटची दुमड मारली आणि तो मशीन तिथेच टाकून पळाला.

पाचला दोरी ओढली. पडदा सरकला, एका रंगाचा, पिकल्या जांभळासारखा. मालक पुढे झाले, त्यांनी आठही पट्ट्यांवर तळवा फिरवला आणि म्हणाले, "उद्यापासून कात्री तुझी."

माझे पाय जमिनीवर राहीनात. हे सांगायला वळलो तर गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला खिंडार दारातच उभा.

"जिंकलात?"

"हरलो. एका गोलानं."

तोही गोल नव्हताच. चेंडू बाहेरून आला आणि बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत शिरला. पंचांनी गोलाची शिट्टी मारली.

ते भोक मला माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यानं तेवढंच मागितलं होतं: तुझ्या दुकानातला जाड दोरा घेऊन ये आणि जाळीला चार टाके घाल. मी ऐटीत म्हणालो होतो, तू हात लावू नकोस, पुढच्या रविवारी मीच येतो.

तो पडद्याकडे जाऊन तळवा फिरवत होता. "मऊ आहे रे," तो म्हणाला. "कात्री मिळाली ना? मग निदान एक सामना तरी आपण जिंकला."

आज गुरुवार. काल त्याचा फोन आला, मी पहिल्या घंटेलाच उचलला. तासभर बोललो, जाळीचं नाव त्यानं काढलं नाही. जाळी रविवारीच बाहेर निघते. सुई आणि दोरा सोमवारपासून माझ्या पिशवीत आहेत. टाका अजून एकही पडलेला नाही.