तिसऱ्या हाकेला ओ

आमच्या तांड्यात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. हाक मारणारा समोर दिसत असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसता आवाज आला तर तिसऱ्या हाकेची वाट पाहायची. जे माणूस नसतं त्याला दोनदाच हाक मारता येते, असं आई सांगायची. मी शिकले, उमरखेडच्या एका वाचनालयात नोकरीला लागले, तरी मागून कुणी नाव घेतलं की अजूनही थबकते.

बाबांना ही सवय कोर्टात नडली. तांड्याला तेव्हा रस्ता नव्हता. एका बाळंतिणीला बाजेवर घालून नेताना ती वाटेतच गेली, आणि लोकांनी पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याची जीप अडवली. बाबा सर्वांत पुढे होते. मी हात जोडून उभा होतो, असं त्यांचं म्हणणं. फिर्यादीत लिहिलं होतं, अधिकाऱ्याला ढकललं. सरकारी कामात अडथळा आणल्याचा खटला चालला. तिथला शिपाई व्हरांड्यात येऊन घाईघाईने दोनदा पुकारा करी आणि आत जाई. बाबा लिंबाखाली तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसत. असेच एकदा ते गैरहजर ठरले आणि वॉरंट निघालं. वकील चिडले. बाबा म्हणाले, "दोनदा तं भूतही बोलावते, साहेब. तिसऱ्यांदा बोलावलं तं समजाव का माणूस हाय."

शिक्षा झाली. अपील झालं, जामीन मिळाला, आणि मग वर्षानुवर्षं नुसत्या तारखा. दरम्यान रस्ता झाला. या उन्हाळ्यात त्याच रस्त्याने आम्ही बाबांना दवाखान्यात नेलं आणि त्याच रस्त्याने परत आणलं.

त्यांचं दिवसकार्य आटोपून पाहुणे गेले त्या दुपारची गोष्ट. आई आणि मी दारात ज्वारी निवडत होतो. रस्त्याच्या बाजूने बाबांच्या नावाची हाक आली. पूर्ण नाव: त्यांचं, आजोबांचं, आडनाव. तांड्यात त्यांना त्या नावाने कुणी कधी हाक मारली नव्हती. ते नाव कोर्टापुरतंच होतं. थोड्या वेळाने पुन्हा आली, जरा जवळून. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. कुंपणाशी बांधलेल्या शेळ्या चरायच्या थांबल्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. तिसरी हाक आली नाही. मी उठून रस्त्यापर्यंत गेले. वळणापर्यंत कुणी नव्हतं. वळणावरचा दुकानदार म्हणाला, इकडून कुणीच गेलं नाही.

परत आले तेव्हा आई सुपाकडे पाहत होती. "एक हाक राह्यली," एवढंच म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या वाचनालयात नव्या फौजदारी कायद्यांवर व्याख्यान होतं. शहरातले एक वकील बोलायला आले होते. जुन्या कायद्याच्या नावात दंड होता, नव्याच्या नावात न्याय आहे, असं ते सांगत होते. पुढच्या रांगेतून समोरचे गॅरेजवाले चाचा म्हणाले, "वकीलसाहब, नंबर प्लेट नई, इंजन वही है क्या?" सभागृह हसलं. वकीलही हसले, काही भाग नवे आहेत, म्हणाले. चाचांशेजारची खुर्ची बाबांची. अशा कार्यक्रमांना ते तांड्यावरून एसटीने येत. त्या दिवशी गर्दी असूनही त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

मी कधी सभेत बोलत नाही. त्या दिवशी उभी राहिले आणि विचारलं, अपील चालू असताना माणूस मेला तर काय होतं?

"तरतूद तीच आहे, कलमाचा क्रमांक बदलला," वकील म्हणाले. "तुरुंगवासाच्या शिक्षेविरुद्ध अपील असेल तर जवळच्या नातेवाइकाने महिन्याच्या आत परवानगी मागायची. नाही मागितली तर अपील संपतं. मग माणसाची शिक्षा जाते, दोष मात्र राहतो."

"मेल्यावर निर्दोष होऊन करायचं काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हाच तर वाद आहे," वकील म्हणाले. "माझ्या मते घरचे गप्प राहिले तरी कोर्टाने निकाल द्यायला हवा. पण कायदा तसं म्हणत नाही."

महिना संपत आला होता. घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सुटला ना आता तो? कायले बोलावतं त्याले तिथं? आन त्याच्या नावाले तू ओ देशीन तं ते तुह्या मागं लागीन."

"नाही गेले तर बाबांनी ढकललं, असंच राहील."

मग दोन्ही हात छातीशी जोडून तिने मला दाखवले, बाबा कसे उभे होते ते. "मी मागंच होती त्याच्या," म्हणाली. "जाय. पण तिसऱ्या हाकेले ओ देजो."

बाबांच्या वकिलांनी अर्ज मुदतीत दाखल केला. सुनावणीच्या दिवशी वरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभी होते. शिपाई दारात आला आणि त्याने बाबांचं पूर्ण नाव पुकारलं. आजूबाजूची माणसं बोलत राहिली. त्याने पुन्हा पुकारलं. आत वकील वळून माझ्याकडे पाहत होते. त्यांनी हाताने खूण केली. गेले नाही तर अर्ज फेटाळला जाणार आणि बाबांचा दोष कायमचा राहणार, हे मला कळत होतं. पण मी तिसऱ्या हाकेची वाट पाहत तशीच उभी राहिले. शिपाई वळला. तेवढ्यात तिसरी हाक आली, अगदी जवळून. व्हरांड्यातली बोलणी मला ऐकू येईनाशी झाली.

"हजर," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी कागद वाचले, मुलगी ना, एवढं विचारलं आणि परवानगी दिली. बाबांचं अपील आता माझ्या नावाने चालेल, खटला जुना म्हणून जुन्याच कायद्याखाली. पुढची तारीख मिळाली.

बाहेर पडताना मी शिपायाला म्हटलं, "तिसऱ्यांदा पुकारलंत, बरं झालं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "मी दोनदाच पुकारत असतो, मॅडम. तुम्ही उशिरा 'हजर' म्हटलं म्हणून थांबलो."

संध्याकाळी आई रस्त्यापर्यंत चालत आली होती. परवानगी मिळाली का, हे तिने विचारलं नाही.

"कितव्या हाकेले ओ देल्ली?"

"तिसऱ्या."

"मंग बरोबर," ती म्हणाली. शिपायाचं बोलणं मी तिला सांगितलं नाही. घराकडे चालताना ती मधेच थांबली आणि मागे न बघता बाजूला सरकली, वाटेत आणखी कुणाला तरी जागा द्यावी तशी.