सात पायऱ्यांचा फर्मा

बुटांच्या कारखान्यात तो बायकांच्या पायाचे फर्मे कोरायचा. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्यावर चामडं ताणायचं, खिळे मारायचे, तळ चिकटवायचा आणि शेवटी ठोकळा ओढून काढायचा, की झाला बूट. बूट कुणीही शिवो, त्याची अक्कल फर्म्यात असते, असं त्याचं म्हणणं. माणसाशी बोलताना त्याची नजर तोंडावर कधी नसायचीच, म्हणून गल्लीत त्याला पायबघ्या नाव पडलं होतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. कुणाचं नाव घेतलं तर तो डोकं खाजवत बसायचा. पण "तो नाही का, डावी टाच आतून झिजवणारा," एवढं म्हटलं की घरदारासकट आठवायचा.

तरुणपणी त्यानं एक सिनेमा पाहिला होता. जुनाच, पुन्हा लागलेला, काळा-पांढरा. त्यात राणी झालेली नटी महालाच्या सात पायऱ्या अनवाणी उतरते. पडद्यावर फक्त पावलं, बाकी काही नाही. थिएटरातल्या बाप्यांनी उसासे टाकले. यानं खिशातून पेन्सिल काढली. तो सिनेमा त्यानं एकोणीस वेळा पाहिला, तोही त्या सात पायऱ्यांपुरता. पायऱ्या संपल्या की उठून चालायला लागायचा, पुढं राणीचं काय झालं ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. पायरीच्या फरशीवरून त्यानं माप धरलं, अंधारात कागदावर रेघा ओढल्या आणि घरी येऊन पटाशी घेऊन बसला. निघालेल्या फर्म्याला कारखान्यात सगळे 'राणी'च म्हणायला लागले. तो पाच नंबरचा. त्याच्यावरून लहानमोठे बाकीचे नंबर काढले, आणि तिथून पुढं सव्वीस वर्षं कारखान्यातला बायकांचा एकूण एक बूट राणीवर चढला. दिसायला असा देखणा, की दुकानाच्या काचेपुढं बायका चालता चालता थांबायच्या.

घोडं पेंड खायचं ते घातल्यावर. करंगळीला चावतो, चवड्यावर आवळतो, अशी कुरकुर कायम यायची. पायबघ्या हात झटकायचा. बायका आपला नंबर एकानं कमी सांगतात, हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याची स्वतःची बायको तर नवा बूट घरात आला की आधी ब्लेड शोधायची आणि करंगळीच्या जागी चीर पाडायची.

"बूट नीट आहे. तुझा पाय फताडा आहे," तो म्हणायचा.

"असेल. तुमच्या राणीला ओट्यापाशी उभं राहावं लागत नसेल," ती म्हणायची आणि दुसऱ्या बुटाला चीर पाडायची.

यंदा मुकादमानं विषयाचा तुकडाच पाडायचं ठरवलं. तक्रारींचा गठ्ठा टेबलावर टाकून त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की राणी आता बंद, प्लॅस्टिकचे तयार फर्मे बाहेरून मागवायचे. पायबघ्याच्या निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. एवढं वर्ष गप काढलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण हातानं कोरलेलं लाकूड कुणी चुकीचं म्हणतंय, हे त्याला गिळवेना. ती नटी अजून जिवंत आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तिथंच शब्द टाकला. रजेत जाऊन तिचा पाय मोजून आणतो. दोराभर जरी फरक निघाला तरी राणीला स्वतःच्या हातानं बॉयलरमध्ये घालतो.

"आणि नाही निघाला तर?" मुकादमानं विचारलं.

"तर बायकांच्या पायांना नोटीस काढा," पायबघ्या म्हणाला.

मुकादम हसला, आणि रजा संपेपर्यंत थांबायला कबूल झाला.

रजा बारा दिवसांची. बायकोच्या मनात लेकीकडं जायचं होतं. नातवाला दात आले होते. नवरा ऐंशीच्या घरातल्या नटीचा पाय बघायला निघालाय, हे कळल्यावर तिनं माळ्यावरची बॅग काढली. मग बॅगेत स्वतःचे कपडे टाकले. दोघांपैकी एकाचं तरी डोकं ठिकाणावर असलेलं बरं, असं तिनं शेजारी सांगून ठेवलं. हे सगळं पुढं गल्लीला कळलं ते तिच्याच तोंडून. तो अशा गोष्टी सांगत नाही.

नटीला त्यानं आधी पत्र घातलं होतं, आणि कमाल म्हणजे उत्तर आलं. अक्षर थरथरतं, मजकूर सरळ: चारनंतर या, फुलं आणू नका, सुकल्यावर टाकायला मलाच उठावं लागतं.

दिवसभराची गाडी, मग एक बस. खाली लाँड्री, वर दोन मजले, जिन्यात वाफेचा आणि साबणाचा वास. दार नटीनंच उघडलं. हातात काठी, अंगात ढगळ स्वेटर, त्याचं एक कोपर रफू केलेलं. पायबघ्याची नजर सवयीनं खाली गेली. पायात जाड लोकरी मोजे होते. त्याचा जीव टांगणीला लागला तो तिथून.

खोलीत सिनेमाचा एकही फोटो नव्हता. होता तो एका कुत्र्याचा. खिडकीशी आरामखुर्ची, टेबलावर औषधाच्या बाटल्या आणि अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. बायकोला वाटलं होतं, बाई तोरा दाखवील. पण बाईंनाच ह्या माणसाचं नवल जास्त. पन्नास वर्षं येणारा जाणारा आपल्या डोळ्यांवर आणि केसांवर बोलत आला, पायाचं विचारणारा हा पहिलाच, म्हणाल्या. मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली. लाकूड कुठलं वापरता, उजव्या-डाव्याचा फर्मा वेगळा का, टाचेचा उंचवटा कशावरून ठरतो. राणी हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली, नाकाशी धरली, अंगठ्यावरून बोट फिरवलं.

"हे माझं आहे म्हणता?"

"तुमचंच बाई. तिसऱ्या रांगेत बसून घेतलंय."

"मी घ्यायला दिलेलं आठवत नाही," त्या म्हणाल्या, आणि वाकून एकेक मोजा काढायला लागल्या.

त्यानं खाली फतकल मारली. खुर्चीत बसल्या बसल्या बाईंनी पाऊल पुढं केलं. कातडी सुरकुतलेली, निळ्या शिरा वर आलेल्या. पण हाड तेच. अंगठ्यापेक्षा केसभर लांब असलेलं दुसरं बोट, पोटाशी उचललेली कमान, निमुळता चवडा. त्यानं फर्मा तळव्याला लावला. कुठं फट नाही, कुठं दाब नाही. दोऱ्यानं घेर घेतला, फर्म्याचा घेतला. दोन्ही दोरे शेजारी धरले आणि बायकोला दाखवले. त्याच्या तोंडावर असं काही होतं, की तिनं मुकाट मान डोलावली. सव्वीस वर्षं करंगळी चावून घेतलेली बाई ती; पण दोरे तर सारखे होते.

मग त्यानं पिशवीतून बुटांचा जोड काढला. राणीवर चढवलेला, खास त्यांच्यासाठी शिवलेला, तपकिरी. पाय आत गेला तो लोण्यात सुरी जावी तसा. बाईंनी पाऊल इकडं तिकडं वळवून पाहिलं, खूश झाल्या, काठी मागितली आणि उठून उभ्या राहिल्या.

दोन पावलं टाकली आणि थांबल्या.

"करंगळीला चावतोय हो," म्हणाल्या.

पायबघ्याच्या बायकोनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. खाली लाँड्रीतली माणसं चादरी झटकत होती; ती एकेक चादर मोजत राहिली, म्हणजे हसू येणार नाही.

त्यानं बूट काढायला लावला आणि बाईंना अनवाणी उभं राहायला सांगितलं. पाऊल जमिनीला टेकलं, वर अंगाचा भार आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते पसरलं. कमान बसली, चवडा दोन्हीकडं सरकला, करंगळी बाहेर गेली. हा पाय त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

"पण तुम्ही चालत होता, बाई," तो म्हणाला. "सात पायऱ्या. एकोणीस वेळा बघितलंय मी. चालत्या पायावर भार असतोच. म्हणून तर मी तिथनं माप घेतलं."

बाई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसू इतकं लांबलं की पाणी प्यावं लागलं. मग सांगितलं. त्या दिवशी सकाळी त्या रीतसर पायऱ्या उतरल्या होत्या. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला. राणी कुठंय, ही तर घागर घेऊन पाण्याला निघालीय, म्हणाला. शेवटी दिवे सांभाळणारे दोन धट्टेकट्टे गडी बोलावले. एकानं ह्या काखेत हात घातला, दुसऱ्यानं त्या, आणि बाईंना अधांतरी धरून सातही पायऱ्या खाली आणलं. पावलं फरशीला नुसती शिवत होती.

"आठवडाभर काखा दुखत होत्या," त्या म्हणाल्या. "चौथ्या पायरीवर पाऊल जरा थबकतं ना? त्याच्यावर लोकांनी लेख लिहिले. राणीच्या मनात म्हणे तिथं शंका आली. शंका कसली, त्यातल्या एकाचा हात घामानं निसटला."

पायबघ्या जमिनीवरच बसून होता. ज्या पायावर भार नाही त्याचं माप घ्यायचं नाही, हे शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. त्यानंही किती जणांना सांगितलं असेल. आणि त्यानंच अधांतरी लटकलेल्या पायावरून उभ्या जगाचे बूट कोरले होते. बाई रागावल्या नव्हत्या, उलट त्यांना अजून माहिती हवी होती. असे किती जोड निघाले असतील, विचारलं. त्यानं दोरे गुंडाळायला घेतले.

निघताना त्यानं त्यांना परत उभं केलं आणि खाली कागद सरकवून दोन्ही पावलांची रेघ ओढून घेतली. तपकिरी जोड त्यांनी ठेवून घेतला. बसून घालीन, म्हणाल्या.

जिना उतरताना बायको पुढं होती. लाँड्रीच्या दारात तो थांबला आणि जरा चाचरत म्हणाला, घरी गेल्यावर तुझाही पाय घेतो.

"आता कशाला?" ती म्हणाली. "माझाच पाय झालाय तुमच्या बुटासारखा."

रजेचे आठ दिवस शिल्लक होते. ती तिथूनच लेकीकडं गेली, नातवाचे दात बघायला. तो एकटाच परतला आणि रजेतच कारखान्यात हजर झाला. मुकादम वादाच्या तयारीत होता. पायबघ्यानं त्याला सुरुवातच करू दिली नाही. बायका खरं बोलत होत्या, एवढं सांगितलं आणि तो बॉयलरकडं गेला. राणी जुन्या टणक लाकडाची, तेल मुरलेली. बराच वेळ नुसतीच धुमसली, पेट घेईना. ती पेटेपर्यंत तो उभा राहिला. मुकादमही आला, आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. धूर निवळल्यावर पायबघ्यानं त्याच्याकडं एक महिना मागितला. प्लॅस्टिकचे तयार फर्मेसुद्धा कुणाच्या तरी पायावरूनच आले असणार. तो पाय उभा होता की बसलेला, हे विचारल्याशिवाय मागवू नका, म्हणाला. मुकादमानं महिना दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिलाई खात्यातल्या बायकांची रांग लागली. जमिनीवर कागद, शेजारी तो उकिडवा बसलेला, कानावर पेन्सिल. बायकांना चेव आला होता. सव्वीस वर्षं बोंबललो तेव्हा नंबर चोरतो म्हणाला, आणि आता बघा कसा जमिनीला लागलाय, असं त्याच्या डोक्यावरून चाललं होतं. तो ऐकून घेत होता. एकीनं विचारलं, की नटीचा पाय कसा होता. तुमच्यासारखाच, तो म्हणाला, उभं राहिलं की पसरतो. कुणाचा विश्वास बसला नाही.

रांगेत मशीनवरची एक आडव्या अंगाची बाई आली. एका पायावर उभी राहिली, दुसरा जरा उचललेला, लाजत असावी.

"दोन्ही टेकवा," तो म्हणाला. "सगळा भार टाका."

"टाकलाय की."

"अजून टाका."

"अजून कुठून आणू?" ती म्हणाली. "घरी सासू आहे, तिला बोलावू?"

सगळी रांग हसली. तो पेन्सिल घेऊन वाकला, आणि करंगळीच्या बाहेरून, जरासुद्धा आत न येता, रेघ ओढायला लागला.